काचेचा घाम

दुपारी अडीचच्या सुमारास मी माशांच्या पेटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावरून सवयीनं अंगठा फिरवला आणि तो ओला झाला. फार नाही. पोस्टाचं तिकीट चिकटवायला पुरेल एवढी ओल. मी अंगठा पाहिला, शर्टाला पुसला, इकडेतिकडे बघितलं. हॉलमध्ये माळी कुंड्या मांडत होता, दोघे जण सतरंजीच्या सुरकुत्या काढत होते, कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी पुन्हा अंगठा फिरवला. पुन्हा ओला. चार वाजता नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे होते, त्यांच्या आधी चिंचवडच्या शाळेतल्या मुली यायच्या होत्या, आणि त्या मुलींना ह्याच काचेसमोर, दीड हातावर, दोन रांगांत उभं करून स्वागतगीत म्हणायला लावायचं हे आठवड्याभरापूर्वीच ठरलं होतं. मागे सोनेरी मासे, पुढे पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली, फोटो छान येईल, असं मोठ्या साहेबांच्या बाईसाहेबांचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं. फोटो छानच आला असता. पहिल्या रांगेत, उजवीकडून दुसरी, माझी मुलगी बिल्किस उभी राहणार होती. तालमीच्या दिवशी शाळेच्या अंगणात मीच तिला त्या जागी बघून आलो होतो आणि बापाला वाटतो तेवढा अभिमान मला वाटला होता.

काचेला घाम येतो, हे मी स्वतःला ताबडतोब सांगितलं. एप्रिल संपत आला होता, पिंपरीच्या माळावर सावलीला झाड नाही, नव्या कारखान्याच्या पत्र्यातून ऊन आत झिरपायचं. मासे मलूल दिसू नयेत म्हणून सकाळीच बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून पेटीत सोडली होती. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते आणि त्यांच्यावर दर अर्ध्या तासानं पाणी मारलं जात होतं. अशा दमट हवेत थंड काचेला बाहेरून घाम सुटणारच, गार पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा. तो पुसला की झालं. पण घाम सगळ्या काचेला येतो, एकाच कोपऱ्याला कसा येईल, असं माझ्याच मनातलं कोणीतरी म्हणालं. त्याला मी उत्तर दिलं की बर्फाचं गोणपाट तरंगत तरंगत त्याच कोपऱ्यात गेलं होतं. हे उत्तर बरं होतं. मला ते पटलं, निदान पटवून घ्यायला मी तयार होतो.

घाम की गळती हे ओळखायची रीत मला इकबालचाचांनी शिकवली होती. पुण्याच्या लष्कर भागात त्यांचं काचेचं दुकान होतं, मी विशीत असताना तिथं हाताखाली राहिलो. ते तसबिरी मढवायचे, दुकानांना दर्शनी काचा बसवायचे, आणि वर्षाकाठी दोन-तीन माशांच्या पेट्या करायचे, कधी पारशी बंगल्यासाठी, कधी एखाद्या संस्थानिकाच्या कोठीसाठी. लोखंडी चौकट, तळाला शहाबादी फरशी, चारी बाजूंना काच, आणि काच नि लोखंड यांच्यामध्ये लांबी. लांबी म्हणजे खडूची पूड, शेंदूर आणि जवसाचं तेल, हाताला चिकटायची बंद होईपर्यंत मळलेलं. चाचा म्हणायचे, पेटीला लोखंड धरून ठेवत नाही, पाणी धरून ठेवतं. पाणी काचेला दाबतं, काच लांबीला दाबते, लांबी मऊ राहते. म्हणून एकदा भरलेली पेटी कधी कोरडी पाडायची नाही. पाणी बदलायचं ते अर्धं अर्धं. दोन दिवस कोरडी राहिली की लांबी आक्रसते, काचेपासून केसभर सुटते, आणि पुन्हा पाणी भरलं की दिसायला सगळं जागच्या जागी दिसतं. हे सांगताना चाचा माझ्याकडे असे बघायचे की जणू मी ती पेटी कोरडी पाडूनच आलो आहे. माशांना रोग होऊ नये म्हणून ते पाण्यात खडेमीठ घालायचे, आणि बाहेर कुठं ओल दिसली की तिला बोट लावून जिभेवर ठेवायचे. काचेचा घाम गोडा असतो. पेटीतलं पाणी खारट. एवढंच. माझ्या पेटीत सहा शेर मीठ होतं, मीच घातलेलं.

मी बोट जिभेला लावलं नाही. रमजान चालू होता, माझा अठरावा रोजा होता, आणि रोज्यात तोंडात काही घालायचं नसतं. आता हे लिहिताना मला माझंच हसू येतं. माझी बायको गौहर रमजानभर रोज संध्याकाळी सालनाचं, म्हणजे रश्श्याचं, मीठ जिभेच्या टोकानं बघते आणि थुंकून टाकते. तिचा रोजा मोडत नाही. मौलवीसाहेबांनी तसं सांगितलेलं आहे आणि मी बारा वर्षं ते रोज चुलीशी बसून बघत आलोय. एरवी मी काही फार कर्मठ माणूस नाही, जुम्म्याची नमाजसुद्धा कामाच्या आडून कितीदा चुकवलेली. पण त्या दुपारी मला इतका कडक रोजा पाळावासा वाटला की विचारू नका. जीभ मी दातांच्या मागे अशी दाबून धरली होती की जणू ती आपणहून बाहेर पडेल आणि काचेला लागेल.

मालोजी तेवढ्यात पाण्याची बादली घेऊन पडद्यांशी आला. मालोजी म्हणजे हॉलचा शिपाई, रहाटणीचा, जुन्या शेतकरी घरातला, जमीन सोडून कंपनीत लागलेला आणि खाकी कपड्यांत अजून अवघडून वावरणारा. मी त्याला हाक मारली. म्हटलं, मालोजी, ह्या कोपऱ्याला बोट लावा आणि चाखून सांगा, माझा रोजा आहे. त्यानं बोट पुसलं, काचेच्या कडेवरून फिरवलं, जिभेवर ठेवलं आणि वर छताकडे बघत उभा राहिला.

"खारट लागतंय का?"

"न्हाई बा. सादं पानी हाय. का वो?"

"काही नाही. काचेला घाम आलाय."

"मंग पुसून घ्या की, वजीरभाय. साहेबांच्या नदरंला नगं पडाया."

मी कोपरा पुसला. खरोखर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पडद्यांतून वाळ्याचा वास येत होता, माशांची रांग एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वळली, आणि मला वाटलं की माणूस उगाच जिवाला घोर लावून घेतो. हा हलकेपणा किती टिकला असेल? मालोजी दारापर्यंत पोचेपर्यंत. दाराशी तो थांबला, त्यानं खालचा ओठ बोटानं ओढला आणि तंबाखूचा बार बाहेर टाकला. चुन्यानं भाजलेलं तोंड ते, त्याला मिरची कळली नसती. आणि हे मला आधी दिसलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्याचा ओठ फुगलेला होता. मी ते बघूनच हाक मारली होती. हॉलमध्ये माळी होता, सतरंजीवाले होते, त्यांच्यापैकी कोणी तंबाखू खात नव्हतं, पण मी मालोजीलाच विचारलं.

आता नऊ दिवसांपूर्वीचं सांगायला हवं, कारण अंगठा ओला झाला त्या क्षणी मला तेच आठवलं होतं आणि मी ते बाजूला सारत होतो. मासे आणायला मी मुंबईला गेलो होतो. सहा दिवस लागले. झाकणाला भोकं पाडलेले पत्र्याचे दोन डबे मांडीशी धरून मी चिंचवड स्टेशनावर उतरलो, तांग्यात बसलो, हॉलमध्ये आलो, आणि पाहिलं तर पेटीच्या मागची भिंत निळी झालेली. समुद्रासारखी निळी. पेटी पाण्यानं भरलेली. अर्जुनराव दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्यासमोर उभे होते. अर्जुनराव कंपनीच्या देखभालीचे सुपरवायझर, साताऱ्याकडचे, बोलायला मोकळे, आणि माझ्यावर उपकार केलेले. चाचांचं दुकान बंद पडल्यावर मी दोन वर्षं हातगाडीवर आरसे विकत फिरत होतो, तेव्हा ह्याच माणसानं मला ओळखून सांगितलं होतं की आमच्या साहेबांना हॉलमध्ये माशांची पेटी नि कारंजं हवंय, चला माझ्याबरोबर. ते म्हणाले, "बघा भाऊ, बाईसाहेबांना भिंत निळी हवी होती. रंगाऱ्याला मागं हात पुरेना, म्हणून पाणी काढून पेटी हातभर पुढं ओढली. रंग वाळला, काल परत भरून ठेवली. तुमचं एक काम वाचवलं."

"किती दिवस कोरडी होती?"

"असेल तीन-चार दिवस. का हो?"

मी म्हटलं, काही नाही. हेच दोन शब्द. त्या दोन शब्दांवर मी नऊ दिवस काढले. एप्रिलच्या उन्हात चार दिवस कोरडी पडलेली पेटी म्हणजे काच काढा, जुनी लांबी खरवडा, नवी मळा, बसवा, तीन आठवडे मुरू द्या. समारंभ नऊ दिवसांवर आलेला. मी तोंड उघडलं असतं तर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला असता, पाणी कोणी काढलं? आणि मला अर्जुनरावांचं नाव घ्यावं लागलं असतं, ज्यांनी मला हातगाडीवरून उचलून आणलं. मी मनाशी असं मांडलं होतं की मी गप्प बसतोय ते त्यांच्यासाठी. मोठी मजबूत मांडणी होती. तिच्या खाली दुसरी एक गोष्ट होती ती मी बघत नव्हतो. पुऱ्या भागात असली पेटी नव्हती. आठ फूट लांब, तीन फूट उंच, आत पंचेचाळीस मण पाणी, काच अर्धा इंच जाड. थेरगाव, सांगवीपासून लोक ती बघायला येणार होते, तिच्यावर माझं नाव लागणार होतं, आणि समारंभाच्या दिवशी ती रिकामी असावी हे मला सहन होत नव्हतं. नऊ दिवस मी रोज सकाळी सायकलवरून आलो की आधी चारही कडांवरून अंगठा फिरवायचो. आठ दिवस अंगठा कोरडा राहिला. आठव्या दिवशी तर मी चाचांच्या नावानं मनातल्या मनात हसलोसुद्धा, म्हातारा उगाच घाबरवायचा म्हणून.

सव्वातीनला अर्जुनराव घाईघाईनं आत आले. अंगात इस्त्रीचा कोट, कपाळावर घाम. खुर्च्यांच्या रांगा मोजल्या, कारंजं सुरू करून बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता सांगावं. तोंडात शब्द तयार होते. कोपऱ्याला ओल आहे, अर्जुनराव, एवढंच म्हणायचं. ते म्हणाले, "काय झकास दिसतीय पेटी. साहेबांनी सकाळी माझ्याशी स्वतः हात मिळवला. तुमच्यामुळं हो, भाऊ." मी हसलो. ते निघून गेल्यावर मी खाली वाकून कोपरा बघितला. मी पुसलेल्या जागी पुन्हा ओल होती, आणि ह्या वेळी तिला एक धार फुटून ती लोखंडाच्या पट्टीवरून बोटभर खाली उतरली होती. बर्फाचं गोणपाट मी हातानं दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं आणि मनगटावरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजली. त्या दुसऱ्या कोपऱ्याला बाहेरून काहीही आलं नाही. काच कोरडी होती. मी डोळे चोळून पुन्हा पहिल्या कोपऱ्याकडे बघितलं, धार तिथंच होती. भूक होती, तहान होती, सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता, म्हणून तसं दिसत असेल, असंही मी म्हणून पाहिलं. माणूस स्वतःला किती वेळ फसवू शकतो ह्याला काही हद्द नसावी.

साडेतीनला मुली आल्या. दोन-दोनच्या जोड्या करून, हात धरून, रस्त्याच्या धुळीनं पांढरे मोजे तांबूस झालेले. पुढे सुमनताई, शाळेच्या बाई, उंच, चष्मा लावणाऱ्या, आवाज न चढवता तीस मुलींना गप्प ठेवणाऱ्या. हॉलमध्ये शिरल्याबरोबर मुलींच्या तोंडून एकच ओह निघाला आणि जोड्या मोडून त्या सगळ्या काचेला जाऊन चिकटल्या. नाकं चपटी करून, तळवे काचेवर पसरून. एक मोठा मासा समोर आला की तळवे त्याच्यामागे सरकत होते. साठ तळवे त्या काचेला रेटत होते. मी ओरडलो नाही. मी म्हणालो, काचेवर डाग पडतात, मागं व्हा बाळांनो, आणि माझा आवाज इतका गोड निघाला की मला त्याची किळस आली. सुमनताईंनी टाळी वाजवली. मुली मागे झाल्या, रांगा लागल्या. पहिल्या रांगेत, उजवीकडून दुसरी, बिल्किस. तिच्या डोक्यात गौहरनं बांधलेली लाल फीत. तिनं माझ्याकडे बघून ओठ दाबून हसू आवरलं, कारण रांगेत हसायचं नसतं. तिच्या गुडघ्यांच्या मागे, वीतभर खाली, तो कोपरा होता.

मग मी जे केलं ते मी ठरवून केलं नाही, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. मी सुमनताईंजवळ गेलो आणि हळू म्हणालो, "बाई, माझ्या मुलीला दाराशी, शेवटी उभी करता का? तिचा आज रोजा आहे. उकाड्यानं चक्कर येईल."

"अगंबाई. एवढीशी पोर आणि रोजा धरलाय?" त्या लगेच वळल्या. "बिल्किस, तू इकडे ये बरं, दाराजवळ. वारा लागू दे."

बिल्किसनं माझ्याकडे बघितलं. तिचा रोजा नव्हता. सकाळी तिनं माझ्यासमोर दुधात भाकरी कुस्करून खाल्ली होती. पण ती बापाच्या शब्दाबाहेर जाणारी मुलगी नाही, ती मुकाट्यानं रांगेतून निघाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. रांगेत तिच्या जागी खिंडार पडलं. सुमनताईंनी मागच्या रांगेतून एका बारीक मुलीला खांद्याला धरून पुढे आणलं आणि तिथं उभं केलं. फ्रॉक तिला मोठा होता, कोणाकडून तरी मागून आणलेला, कमरेला पिन लावून आवळलेला. पुढच्या रांगेत आल्याच्या आनंदानं तिनं दोन्ही हात अंगाशी ताठ धरले. मी बिल्किसकडे बघितलं, ती सुखरूप होती, आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच माझं पितळ उघडं पडलं. ओल घामाची आहे असं ज्या माणसाला वाटतं तो आपली मुलगी हलवत नाही. मी मालोजीची जीभ वापरली, रोज्याचा आडोसा घेतला, अर्जुनरावांचे उपकार पुढे केले, आणि मला अडीच वाजल्यापासून सगळं ठाऊक होतं. ती बारीक मुलगी पुटपुटत गाण्याची पहिली ओळ घोकत होती. तिच्या मागे धार आता फरशीपर्यंत आली होती.

मी रांगेच्या मधून गेलो, गुडघे टेकले, आणि त्या कोपऱ्याला थेट जीभ लावली. बोट लावायचंही सुचलं नाही. मुली खिदळल्या. कोणीतरी म्हणालं, काका काच चाटतायत. खारट होतं. ते चव घेऊन ठरवायचं काही नव्हतंच, पण खारट होतं, स्पष्ट, सहा शेर मिठाचं. मी रुमालात थुंकलो आणि उठलो.

"बाई, मुलींना बाहेर न्या. आत्ताच्या आत्ता."

"अहो पण पाहुणे येतायत. गाडी फाटकाशी—"

"पेटी गळतेय. काच जाईल."

सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी दाराकडे, बिल्किसकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. चष्म्याच्या काचेमागे त्यांचे डोळे लहान झाले. त्यांनी टाळी वाजवली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मुलींनो, डावीकडून, एकेक, पळायचं नाही." मुली निघाल्या. तीस मुलींना एका दारातून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. ती बारीक मुलगी सगळ्यांत शेवटी, मागे वळून माशांकडे बघत. मी सतरंजीवाल्यांना हाकललं, पेटीच्या मागे गेलो, बाही वर सारून हात आत घातला आणि तळाचं बूच ओढलं. पाणी कारंज्याच्या नळीतून गुरगुरत जाऊ लागलं. वीतभर पातळी उतरली असेल. मी मागे होतो, त्यामुळे मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. सुपारी फोडल्यासारखा एक आवाज. मग काही क्षण काहीच नाही. मग सगळा हॉल पाण्याच्या आवाजानं भरला, खुर्च्या एकमेकींवर आपटल्या, आणि निळ्या भिंतीपुढे मी लोखंडाच्या रिकाम्या चौकटीतून हॉलचं दार, आणि दारात उभा असलेला मालोजी, स्वच्छ बघत होतो.

काचेचा मोठा तुकडा, पाटाएवढा, तिकोनी, सतरंजीवर पालथा पडला होता. पहिल्या रांगेतल्या उजवीकडून दुसऱ्या जागेवर. बाकीचे तुकडे लहान होते, दूरवर गेले होते, एक तर दाराच्या उंबऱ्यापाशी. त्यांच्यामधून सोनेरी मासे उड्या मारत होते आणि मालोजी बादली घेऊन, "आरं देवा, आरं देवा," असं हळू म्हणत त्यांना ओंजळीत गोळा करत होता.

समारंभ बाहेर मांडवात झाला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की कामगार असा दक्ष असला पाहिजे. मोठे साहेब माझ्या पाठीवर थाप मारून इंग्रजीत काही म्हणाले, आणि बाईसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावून माझा हात हातात घेतला. मुलींनी गाणं म्हटलं, फोटो निघाला, मासे नसलेला. लोक माझ्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत होते, ह्यांनी जिभेनं ओळखलं. अर्जुनराव आत जाऊन चौकटीतली लांबी नखानं काढून बघून आले. ती शिळ्या भाकरीसारखी तुटत होती. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ही कोरडी पडल्यामुळं झालं, नाही का?"

"हो."

"म्हणजे मी पाणी काढलं म्हणून."

मी मान हलवली. त्यांनी हातातला चुरा झटकला. मग सरळ चालत ते मोठ्या साहेबांकडे गेले आणि माझ्यादेखत सांगितलं की चूक माझी आहे, पेटी रिकामी करायची नसते हे मला माहीत नव्हतं, मी विचारायला हवं होतं. साहेब म्हणाले, असू दे, कोणाला लागलं नाही. दोन मिनिटांत ते संपलं. मला नऊ दिवस जे वाक्य तोंडातून काढता आलं नाही ते त्या माणसानं पान खाता खाता सांगून टाकलं, आणि त्याचं काहीही वाकडं झालं नाही. परत येऊन ते मला म्हणाले, "भाऊ, तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही बोलला असतात, मला खात्री आहे."  त्यांना खात्री होती, ती मोडायचीही मला हिंमत झाली नाही.

बिल्किसला सायकलच्या दांडीवर बसवून मी घरी आलो. रस्ताभर ती बोटांवर काहीतरी मोजत होती, मला वाटलं गाण्याचा ताल धरतेय. गौहरला शेजारणीकडून आधीच कळलं होतं. तिनं माझी दृष्ट काढावी तशी माझ्याकडे बघितलं, ताट मांडलं, खजूर, भजी, सब्जाचं सरबत. आम्ही तिघं बसलो. अजानला दोन-चार मिनिटं होती. गौहर म्हणाली, आज अल्लानं तुमच्या हातून तीस घरं वाचवली. मी सरबताच्या पेल्याकडे बघत होतो. बिल्किसनं तिची लाल फीत सोडली, बोटाला गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

"अब्बा," ती म्हणाली, "माझा तर रोजा नव्हता."

गौहरचा हात ताटावर थांबला.

"उकाडा होता," मी म्हणालो. "तुला चक्कर आली असती."

"अंबूला पण उकाड्याचा त्रास होतो. ती प्रार्थनेच्या वेळी दोनदा पडलीय." तिचा आवाज साधा होता, गणित अडलं की विचारते तसा. "बाईंनी तिला माझ्या जागी उभं केलं. ती काच तिथंच पडली. मी दारातून मोजलं."

मशिदीतून अजान सुरू झाली. गौहरनं माझ्याकडे न बघता खजुराची वाटी पुढे सरकवली. मी एक उचलला आणि तोंडाशी नेला. बिल्किस माझ्या तोंडाकडे बघत होती, तिथून काय येतं त्याची वाट बघत. उत्तर मला ठाऊक होतं. ते तिलाही ठाऊक असावं, कारण तिनं ती फीत ताटाशेजारी ठेवली आणि मला पुन्हा काही विचारलं नाही.